संगणकाची मापवही

(संगणकावर आपण अक्षरांचा आकार बदलतो, खिडकी लहानमोठी करतो, भाषा निवडतो. हे बदल दुसऱ्या दिवशीही तसेच कसे राहतात? आणि कधी कधी ते का राहत नाहीत? शाळेत घडलेल्या एका प्रसंगाच्या आधारे लेखकाने या पाठात त्याचे उत्तर दिले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ईद जवळ आली की आपल्याकडच्या शिंप्यांना मान वर करायला फुरसत नसते. धाराशिव असो, परंडा असो की नळदुर्ग, दुकानात कापडाचे ढीग लागलेले असतात. तुम्ही कुर्त्याचे कापड घेऊन जाता. टेलर मास्टर लगेच गळ्यातली टेप काढत नाहीत. ते आधी एक जाड, कडा झिजलेली वही उघडतात. पाने उलटतात. तुमच्या नावाचे पान सापडते. त्यावर लिहिलेले असते : लांबी ३६, छाती ३४, बाही २१, गळा १३. शेजारी एक बारीकशी नोंदही असते : 'सैल आवडतो.'

मास्टर तुमच्याकडे पाहून म्हणतात, "उंची थोडी वाढली आहे. लांबी दोन इंच वाढवतो. बाकी तेच ठेवू ना?" मग ते ३६ वर काट मारून ३८ लिहितात आणि वही मिटतात.

या दुकानात रोज कितीतरी माणसे येतात. सर्वांची मापे डोक्यात ठेवणे कोणालाच शक्य नाही. म्हणून मापवही हवी. गिऱ्हाईक आले की वही उघडून वाचायची आणि माप बदलले की वहीत लिहायचे, एवढे दोनच नियम. पण यातला एक नियम जरी चुकला, तरी ईदच्या दिवशी कुर्ता आखूड निघतो!

संगणकावरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामजवळ अशीच एक मापवही असते. तिला सेटिंगची फाइल म्हणतात. ही वही कोणाच्या उपयोगाची असते, ते मला माझ्याच एका चुकीतून कळले. ती चूक मी आज तुम्हांला सांगणार आहे.

पण त्याआधी थोडे खिडक्यांविषयी बोलू.

पूर्वी बहुतेक संगणकांच्या पडद्यावर फक्त अक्षरे दिसत. जो हुकूम द्यायचा, तो टाइप करून द्यावा लागे. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर चित्रे आणि खिडक्या होत्या आणि माऊसने काम करता येत होते. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश बाजारात आला. त्याच वर्षी एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात 'एक्स विंडो सिस्टिम'चे काम सुरू झाले. १९८५ साली मायक्रोसॉफ्टने 'विंडोज' आणली. 'विंडोज' या शब्दाचा अर्थच मुळी खिडक्या!

खिडक्या आल्या आणि माणसांच्या आवडीनिवडीही आल्या. कोणाला खिडकी मोठी हवी, तर कोणाला लहान. कोणाला पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे हवीत, तर कोणाला काळ्या पडद्यावर पांढरी. तुम्हांला उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची असते, तर मराठी डावीकडून उजवीकडे. हे सारे संगणकाला रोज नव्याने सांगत बसलो, तर तास संपायचा, पण काम सुरू व्हायचे नाही. म्हणून हे एकदाच सांगायचे आणि संगणकाने ते लिहून ठेवायचे, अशी पद्धत आहे.

आता तो प्रसंग सांगतो.

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची नजर लहानपणापासून कमजोर होती. जाड चष्मा लावूनही तिला बारीक अक्षरे दिसत नसत. दर शनिवारी तिच्या वर्गाला संगणकाचा तास असे. मी तिला लेखनाच्या प्रोग्राममध्ये अक्षरे मोठी कशी करायची, पडदा काळा आणि अक्षरे पांढरी कशी करायची ते शिकवले. त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःचे नाव संगणकावर लिहिले. उर्दूत एकदा आणि मराठीत एकदा. तिचा चेहरा फुलून गेला.

पुढच्या शनिवारी प्रोग्राम उघडला, तर अक्षरे पुन्हा बारीक! तिने परत सारे बदल केले. त्यात दहा मिनिटे गेली. त्यापुढच्या शनिवारी पुन्हा तेच झाले. मला वाटले, ती बदल नीट करत नसावी. मी जरा चिडूनच म्हणालो, "अगं, एवढे शिकवले, तरी दर वेळी विसरतेस कशी?"

ती खाली मान घालून म्हणाली, "सर, मी नाही विसरत. संगणकच मला विसरतो."

मुले हसली. मीही ते बोलणे मनावर घेतले नाही. ऑक्टोबर महिन्यात एका शनिवारी ती संगणकाजवळ आलीच नाही. मागच्या बाकावर बसून राहिली. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "सर, मी इथूनच बघते. माझ्यामुळे दुसऱ्यांचा वेळ जातो."

ते शब्द माझ्या मनाला लागले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी संगणकाच्या खोलीत एकटाच बसलो आणि त्या प्रोग्रामची मापवही शोधून काढली.

मित्रांनो, सेटिंगची फाइल ही काही जादूची वस्तू नाही. पुष्कळ प्रोग्रामची अशी फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असते आणि ती उघडून वाचता येते. तिच्यात नावे बहुधा रोमन लिपीत असतात. तुम्हांला समजावे म्हणून तिचा एक नमुना मी मराठीत लिहितो :

[अक्षरे]
आकार = १२
रंग = काळा
[पडदा]
रंग = पांढरा
[खिडकी]
रुंदी = ८००
उंची = ६००
[भाषा]
निवड = उर्दू

कंसातले शब्द म्हणजे मापवहीतली पाने. बरोबर या चिन्हाच्या एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला मूल्य असते. 'छाती ३४' आणि 'आकार = १२' यांत तसा काही फरक नाही. विंडोजच्या सुरुवातीच्या काळात 'विन.आयएनआय' नावाची एक फाइल होती. तिची मांडणीही अशीच होती.

मी आमच्या प्रोग्रामची फाइल उघडली. तीत अक्षरांचा आकार १२ होता. त्या मुलीने तर दर शनिवारी तो २८ केला होता. मग मी फाइलची तारीख पाहिली. प्रत्येक फाइलवर ती शेवटी कधी लिहिली गेली, याची तारीख असते. त्या फाइलवरची तारीख जून महिन्यातली होती! शाळा उघडली, तेव्हा मी स्वतः प्रोग्राम चालू करून पाहिला होता आणि नीट बंद केला होता. तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत त्या फाइलमध्ये एक अक्षरही लिहिले गेले नव्हते.

असे का झाले? ते समजण्यासाठी संगणकाच्या दोन स्मृती ध्यानात घ्यायला हव्यात.

एका स्मृतीला रॅम म्हणतात. ही स्मृती फार चपळ असते. चालू काम सगळे तिच्यात होते. पण वीज गेली की ती कोरी होते. दुसरी स्मृती म्हणजे डिस्क. ती रॅमपेक्षा संथ असते, पण वीज गेली तरी तीत लिहिलेले टिकते. रॅम म्हणजे शिंप्याच्या ध्यानात असलेले माप आणि डिस्क म्हणजे त्याची वही.

प्रोग्राम सुरू होतो, तेव्हा तो डिस्कवरची सेटिंगची फाइल वाचतो आणि मापे रॅममध्ये घेतो. याला सेटिंग भरणे म्हणतात. तुम्ही अक्षरांचा आकार बदलता, तेव्हा तो बदल आधी रॅममध्येच होतो. पडद्यावर अक्षरे मोठी दिसतात. तुम्हांला वाटते, काम झाले. पण वहीत अजून जुनेच माप असते. प्रोग्राम जेव्हा नवे माप डिस्कवर लिहितो, तेव्हाच ते कायम होते. याला सेटिंग जतन करणे म्हणतात.

आमचा तो प्रोग्राम सेटिंग केव्हा जतन करत होता? फक्त बंद होताना. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर माऊस दाबला, की तो आधी फाइल लिहायचा आणि मग बंद व्हायचा. आणि आमच्या शाळेत काय होत होते? कधी ऐन तासात वीज जायची. आपल्या भागात भारनियमन काही नवीन नाही. आमच्या खोलीतली बॅटरीही जुनी झाली होती. ती संगणकाला दोन मिनिटेही धरत नसे. आणि ज्या दिवशी वीज जात नसे, त्या दिवशी? त्या दिवशी घंटा होताच मी मुलांना सांगत असे, "चला, मुख्य बटण बंद करा. पुढचा वर्ग खोळंबला आहे."

म्हणजे दर शनिवारी मीच तो संगणक झटक्यात बंद करवत होतो. प्रोग्रामला वही लिहायला वेळच मिळत नव्हता. मुलगी खरे बोलत होती. संगणक तिला विसरत होता आणि त्याचे कारण मी होतो.

मित्रांनो, यातून मला प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाविषयीही पुष्कळ शिकायला मिळाले. चांगला प्रोग्राम सेटिंग कसे भरतो आणि कसे जतन करतो, ते आता पाहू.

प्रोग्राम सुरू झाला की तो आधी मूळ मापे घेतो. ही मापे प्रोग्राम तयार करणाऱ्याने ठरवलेली असतात. शिंप्याकडे नवे गिऱ्हाईक आले, तर वहीत त्याचे पान नसते. म्हणून मास्टर त्याला परत पाठवत नाहीत. तसेच, सेटिंगची फाइल सापडली नाही, तरी प्रोग्रामने अडून बसू नये. मूळ मापांवर काम सुरू करावे.

फाइल सापडली, तर तो तिच्यातली एकेक ओळ वाचतो. पण वाचलेले सगळे तो डोळे मिटून खरे मानत नाही. अक्षरांचा आकार शून्य लिहिलेला असेल, तर अक्षरे दिसणारच नाहीत. एखाद्याने मोठ्या पडद्यावर खिडकी अगदी उजव्या टोकाला ठेवली आणि नंतर लहान पडदा जोडला, तर खिडकी पडद्याबाहेरच उघडेल आणि दिसणार नाही. म्हणून प्रत्येक मूल्य योग्य आहे की नाही, याची खातरजमा करावी लागते. जे मूल्य चुकीचे, त्याच्या जागी मूळ माप घ्यायचे. बाकीची मूल्ये तशीच ठेवायची. एका पानावर शाई सांडली, म्हणून शिंपी सारी वही फेकून देत नाही.

हे सर्व झाल्यावरच खिडकी पडद्यावर काढायची. आधी माप, मग कापड. आधी खिडकी काढली आणि मग माप वाचले, तर ती डोळ्यांसमोर उड्या मारत लहानमोठी होईल.

आता जतन करण्याविषयी. आजकालचे पुष्कळ प्रोग्राम बंद होण्याची वाट पाहत नाहीत. बदल केला की लगेच लिहितात. तुमच्या घरातल्या मोबाइलवर भाषा बदलून पाहा. तिथे 'जतन करा' असे बटण बहुधा दिसणार नाही. निवड केली की ती आपोआप लिहिली जाते.

पण लिहीत असतानाच वीज गेली तर? जुनी फाइल पुसली गेली आहे आणि नवी अर्धीच लिहून झाली आहे, अशा वेळी दोन्ही हातचे जातात. म्हणून शहाणे प्रोग्राम एक युक्ती करतात. ते नवी मापे आधी दुसऱ्या, तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितात. ती पूर्ण लिहून झाली, की एका क्षणात तिला जुन्या फाइलचे नाव आणि जागा देतात. मध्येच वीज गेली, तर निदान जुनी फाइल शाबूत राहते. नवे पान पुरते लिहून होईपर्यंत जुने पान फाडायचे नाही, हाच तो नियम.

आणखी एक प्रश्न उरतो. ही मापवही कोणाची? संगणकाची की माणसाची?

आमच्या शाळेत एका संगणकावर आळीपाळीने कितीतरी मुले बसत. एकाने प्रोग्रामची भाषा उर्दू केली, की दुसऱ्याला ती मराठी हवी असे. मग तक्रारी सुरू होत. "सर, याने माझे सगळे बदलले!" एका पानावर पन्नास जणांची मापे लिहिली, तर असेच होणार.

यावरही उपाय निघालेला आहे. प्रत्येक माणसाला संगणकावर वेगळे खाते द्यायचे आणि प्रत्येकाची मापवही त्याच्याच खात्यात ठेवायची. १९९५ साली 'विंडोज ९५' आली, तेव्हा 'रजिस्ट्री' नावाची एक मोठी नोंदवही सर्वत्र वापरात आली. तिच्या दोन मुख्य फाइली होत्या. एकीत यंत्राची माहिती असे आणि दुसरीत वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी. यंत्राचे यंत्राजवळ आणि माणसाचे माणसाजवळ!

लिनक्स या मुक्त प्रणालीत प्रत्येकाला स्वतःचे घर असते. घर म्हणजे त्याच्या नावाचा फोल्डर. त्या घरात बहुधा 'कॉन्फिग' नावाचा आणखी एक फोल्डर असतो. त्याच्या नावाआधी टिंब असते, म्हणून तो सहसा डोळ्यांना दिसत नाही. पुष्कळ प्रोग्रामच्या मापवह्या तिथे ठेवलेल्या असतात. आपल्या देशात 'सी-डॅक' ही सरकारी संस्था १९८८ साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय पुण्याला आहे. या संस्थेने लिनक्सच्या आधारे 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली तयार केली आहे. तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. मराठी टाइप करण्यासाठी 'इन्स्क्रिप्ट' कळफलक निवडला, की इंग्रजी 'के'च्या कळीवर 'क' आणि 'एल'च्या कळीवर 'त' उमटतो. कोणता कळफलक हवा, ही निवडसुद्धा एक सेटिंगच आहे. ती तुमच्या खात्यात लिहिली जाते, शेजाऱ्याच्या नाही.

मापवही जुनी झाली की एक नवी अडचण येते. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. हैदराबाद संस्थानाचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून याला उस्मानाबाद म्हणत. २०२३ साली शासनाने शहराचे आणि जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव केले. आता असा विचार करा. अर्ज भरण्याचा एक प्रोग्राम आहे. त्याने तुमचा जिल्हा जतन करून ठेवला आहे : 'जिल्हा = उस्मानाबाद.' मग त्याची नवी आवृत्ती आली. तिच्या यादीत 'धाराशिव' आहे, पण 'उस्मानाबाद' नाही. प्रोग्राम जुनी मापवही वाचतो, यादीत ते नाव शोधतो आणि ते सापडत नाही. मग तो काय करेल? अडाणी प्रोग्राम जागा रिकामी ठेवेल किंवा यादीतला पहिलाच जिल्हा टाकून देईल. तुमचा अर्ज भलतीकडेच जाईल! जाणता प्रोग्राम मात्र जुने नावही ओळखतो आणि त्याच्या जागी नवे लिहितो.

हे केवळ कल्पनेतले नाही. स्थानिक वेळ ठरवण्यासाठी जगातले असंख्य संगणक स्थळांची एक यादी वापरतात. त्या यादीत भारताच्या वेळेचे नाव 'एशिया/कलकत्ता' असे होते. २००१ साली त्या शहराचे नाव कोलकाता झाले. पुढे यादीतही 'एशिया/कोलकाता' हे नाव आले. पण जुने नाव पुसून टाकले नाही. ते नव्या नावाकडे बोट दाखवते. म्हणून एखाद्या जुन्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'कलकत्ता' लिहिलेले असले, तरी घड्याळ चुकत नाही. नवे स्वीकारताना जुने लिहिलेले वाचता यावे, एवढी काळजी ज्याने घेतली, त्याने कितीतरी लोकांचा त्रास वाचवला.

आता आपण पुन्हा आमच्या वर्गात जाऊ.

पुढच्या शनिवारपूर्वी मी तीन गोष्टी केल्या. त्या मुलीसाठी संगणकावर वेगळे खाते उघडले. बॅटरी बदलून घेण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. आणि भिंतीवर एक कागद चिकटवला : 'आधी खिडकी बंद करा. मग संगणक बंद करा. मुख्य बटण सर्वांत शेवटी.'

शनिवारी मी मागच्या बाकाजवळ गेलो आणि म्हणालो, "बेटा, चूक तुझी नव्हती, माझी होती. एकदा पुन्हा येतेस का?" ती उठली. तिने नव्या खात्यात अक्षरे मोठी केली, पडदा काळा केला. तास संपला, तेव्हा तिने स्वतः फुलीवर माऊस दाबला. मी फाइल उघडून पाहिली. आकार = २८. तारीख आजची.

पण खरी परीक्षा त्यापुढच्या शनिवारी होती. ती आली आणि तिने प्रोग्राम उघडला. खिडकी काळी. अक्षरे पांढरी आणि मोठी. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. काही बोलली नाही. चष्मा सारखा केला आणि लिहायला लागली. त्या तासाला तिची दहा मिनिटे वाया गेली नाहीत.

मित्रांनो, सेटिंग ही वरवर पाहता लहानशी गोष्ट आहे. ज्याची नजर चांगली आहे, त्याला अक्षर बारीक असो की मोठे, फारसा फरक पडत नाही. पण एखाद्यासाठी त्या एका ओळीवर सारे काम अवलंबून असते. म्हणून शाळेत संगणकावर बसाल, तेव्हा दुसऱ्याच्या खात्यात गंमत म्हणून बदल करू नका. काम झाले की खिडकी नीट बंद करा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी प्रोग्राम लिहू लागला, तर त्या शिंप्याची आठवण ठेवा. माणूस दारात आला की त्याचे पान उघडा आणि तो जाण्यापूर्वी त्याचे माप नीट लिहून ठेवा.

शब्दार्थ

मापवही – मापे लिहून ठेवण्याची वही (नाप की कॉपी)
गिऱ्हाईक – दुकानात येणारा माणूस (गाहक, ख़रीदार)
मांडणी – रचना (तरतीब)
स्मृती – आठवण (याददाश्त)
चपळ – वेगाने काम करणारा (फुर्तीला)
संथ – हळू चालणारा (सुस्त रफ़्तार)
जतन करणे – जपून ठेवणे (महफ़ूज़ करना)
भारनियमन – ठरावीक वेळी वीज बंद ठेवणे (बिजली की कटौती)
तात्पुरता – थोड्या वेळापुरता (आरज़ी)
शाबूत – न मोडलेला, पूर्ण (सालिम)
आळीपाळीने – एकामागून एक (बारी बारी)
कळफलक – टाइप करण्याच्या कळांची पाटी

वाक्प्रचार

मान वर करायला फुरसत नसणे – खूप कामात असणे
मनावर न घेणे – लक्ष न देणे
मनाला लागणे – मनाला दुःख होणे
हातचे जाणे – गमावणे
बोट दाखवणे – दिशा किंवा जागा दाखवणे
खातरजमा करणे – खात्री करून घेणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टेप काढण्यापूर्वी टेलर मास्टर काय उघडतात?
(आ) वीज गेल्यावर कोणती स्मृती कोरी होते?
(इ) लेखकाने उघडलेल्या फाइलवर कोणत्या महिन्याची तारीख होती?
(ई) 'सी-डॅक' या संस्थेचे मुख्य कार्यालय कोठे आहे?
(उ) आपल्या जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव केव्हा झाले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दर शनिवारी अक्षरे पुन्हा बारीक का होत?
(आ) सेटिंगची फाइल सापडली नाही, तर चांगला प्रोग्राम काय करतो?
(इ) लिहीत असताना वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहावी, म्हणून कोणती युक्ती करतात?
(ई) यादीतले 'कलकत्ता' हे जुने नाव पुसून टाकले असते, तर काय झाले असते?

प्र. ३. कोण, कोणास व केव्हा म्हणाले?
(अ) "संगणकच मला विसरतो."
(आ) "उंची थोडी वाढली आहे."
(इ) "चूक तुझी नव्हती, माझी होती."

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून वाक्ये पूर्ण करा.
(डिस्क, खाते, मूळ मापे)
(अ) नव्या गिऱ्हाइकासाठी प्रोग्राम ........ वापरतो.
(आ) वीज गेली तरी ........वर लिहिलेले टिकते.
(इ) प्रत्येक माणसाला संगणकावर वेगळे ........ द्यावे.

प्र. ५. पाठातील वाक्प्रचारांपैकी कोणतेही तीन आपल्या वाक्यांत वापरा.

भाषाभ्यास
फुरसत, दुकान, तारीख, हुकूम, कागद, कायम हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. मराठीत आणि उर्दूत त्यांचा अर्थ सारखाच आहे का, ते शिक्षकांशी बोलून ठरवा.

उपक्रम
(१) जवळच्या शिंप्याच्या दुकानात जा. ते गिऱ्हाइकांची मापे कशी लिहून ठेवतात, ते पाहा आणि दहा ओळींत लिहा.
(२) शिक्षकांच्या मदतीने संगणकावरील एका प्रोग्रामचे सेटिंग बदला. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. बदल टिकला का? टिकला नसेल, तर कारण शोधा.